वाढत्या अंगाचं

नाना पेठेतलं तिसरं दुकान.
काउंटरवर त्यानं पाटे मांडले, बाजूला पिवळे शॉकअप,
"किती उचलायची, मॅडम?"
वांगी किती द्यायची, तसं.
मी म्हटलं, बघते.
"बघते" म्हणणाऱ्याला नाना पेठेत कुणी चहा सांगत नाही.

जिप्सी सत्त्याण्णवची. कागदोपत्री पांढरी.
महिन्यातून एकदा पानशेतच्या मागे घोळला जाते,
तिथं रस्ता म्हणजे ओढ्यानं केलेली सूचना.
बाकी सगळे दिवस धायरी ते खराडी,
मांडीवर डबा, आरशात पीएमटी,
आणि चाळीस गतिरोधक. मोजलेत.
त्यातले दोन कुणाच्या तरी लग्नातले,
मांडव गेला, ते राहिले.

चार इंच घे, असं सगळे सांगतात.
सगळे म्हणजे ज्यांना ती रोज चालवायची नाही.
चार इंचांत गाडी दिसते.
चार इंचांत दगड पोटाखालून मुकाट निघून जातो.
ऑफिसच्या तळघरातली तुळई मात्र
मुकाट जाऊ देईल असं वाटत नाही.

फुरसुंगीला पत्र्याच्या शेडमध्ये इस्माईल तांबोळी
गाडीखालून बोलतो. बाहेर फक्त त्याचे पाय.
"चार केले की शाफ्ट वाकड्या मानेनं फिरणार,
साठच्या पुढं तुमचे दात वाजतील.
ब्रेकचा पाइप पुरायचा नाही.
आणि नुसती लांब शॅकल टाकून उचलू नका,
ती उंच टाचेची चप्पल.
उंची येते, चाल जाते."
मग बराच वेळ काहीच नाही.
मग, "चौदाचा पाना."
मी दिला.
"हा बाराचा."

अप्पा संध्याकाळी खाली आले.
शनिपारापाशी एकेचाळीस वर्षं शिवलं त्यांनी,
दुकान विकलं, टेप गळ्यात राहिली.
गिऱ्हाईक उभं असावं तसे गाडीपुढे वाकले.
जमिनीपासून दाराच्या उंबऱ्यापर्यंत,
एकवीस.
"लिही," म्हणाले.
मी मोबाइलवर लिहिलं. त्यांना ते लिहिणं वाटलं नाही.

मग दाराला धरून त्यांनी उजवा पाय उचलला.
उचलला म्हणजे, जेवढा उचलला जातो तेवढा.
"धर टेप."
मी खाली बसले, त्यांच्या चपलेचा तळ बघत.
साडेतेवीस.
पाय थरथरत होता, म्हणून मी आकडा पटकन वाचला.
कदाचित सव्वातेवीस असेल.

माझे शाळेचे स्कर्ट ते वाढत्या अंगाचे शिवायचे.
आत दोन इंचांची दुमड.
दर जूनला उसवायची, खाली सोडायची,
जुन्या घडीची रेघ धुऊन जायची नाही.
वर्गात ती रेघ सगळ्यांना दिसायची.
मी दप्तर पुढे धरायची.

"दोन घे," अप्पा म्हणाले.
"अर्धा इंच दुमडीत राहू दे."

दोनच घेतले. नवे पाटे, नवे शॉकअप, नवे बुश,
आणि ब्रेकचे पाइप, लागत नसताना, इस्माईलच्या हट्टापायी.
नाना पेठेवाल्यानं बिल फाडताना
चार इंचांच्या खोक्याकडे एकदा बघितलं,
माझ्याकडे नाही.

पहिला आठवडा गाडी ताठ.
वडगावच्या पुलाखाली एका गतिरोधकावर
अप्पांचा चष्मा नाकावरून सुटला.
"नवी कॉलर टोचतेच," म्हणाले,
आणि चष्मा खिशात ठेवून दिला.

घोळला अजून जायचंय.
परवा पाणी मारताना चाकाच्या कमानीत बघितलं,
जुनी उंची जिथं संपायची
तिथं चिखलाची एक रेघ, सुकलेली, सरळ.
पाइप तिच्यावर धरला होता.
मग टायरवर धरला.