साडेचार मीटर

तिसऱ्या मजल्यावर खिडकीपाशी माझं टेबल.
बाहेर सुपीरिअर सरोवर, एप्रिलातही अर्धं गोठलेलं,
आणि खनिज भरायला आलेली एक बोट
बर्फ फुटायची वाट बघत उभी.

माझं काम साधं आहे.
लोक कुठे काय शिकून आले ते मी वाचते
आणि ठरवते, यातलं आमच्या विद्यापीठात काय चालेल.
चालेल म्हणजे नाणं चालतं तसं.
खोटं, असं मी कधीच लिहीत नाही.
लिहिते : लागू नाही.

आज आर्लीन सवोलाइनेन. वय सेहेचाळीस.
तीन कॉलेजांची तीन गुणपत्रकं,
मधली अकरा वर्षं कोरी.

इंग्रजी लेखन, भाग एक : चालेल.
संख्याशास्त्र : चालेल.
भाषणकला : चालेल, पण आमच्याकडे तिच्या जोडीचा विषय नाही,
तेव्हा ऐच्छिकात.
म्हणजे घरात घेतलं, पाटावर नाही बसवलं.
वेल्डिंग, चार सत्रं, अठ्ठावीस श्रेयांक :
लागू नाही.

मी रोज ज्या पुलावरून गाडी काढते
त्याचे सांधे कुणीतरी जोडलेलेच आहेत.
पण नियमावलीत पूल नाही.

रसायनशास्त्रात तिला 'ए' होता.
रात्रपाळी संपवून सकाळी सातची प्रयोगशाळा,
त्यातला 'ए'.
आमच्या कागदावर त्याचा 'टी' होतो.
श्रेयांक येतात. श्रेणी मागे राहते,
स्टेशनावर पोचवायला आलेल्या माणसासारखी.

अडलं ते जलपरीक्षण एकशे चारपाशी.
ते कॉलेज आता नाही.
त्या इमारतीत गाद्यांचं दुकान आहे.
अभ्यासक्रम कुठेच नोंदलेला नाही,
आणि अभ्यासक्रम नाही तर श्रेयांक नाही.
तसं पत्र मी पाठवलं. अशा पत्रांना
सहसा कुणी उत्तर देत नाही.

नवव्या दिवशी जाड पाकीट आलं.
सात पानं, गंजलेली टाचणी,
तिसऱ्या पानामागे : दूध, बॅटरी, ऑलीचं खोकल्याचं औषध.
पाचव्या पानावर गढूळपणा मोजायची रीत :
काळी-पांढरी तबकडी दोरीनं पाण्यात सोडा.
दिसेनाशी होईल तिथे दोरी चिमटीत धरा.
समासात पेन्सिलीनं, वेल्डरच्या जाड अक्षरात :
आज साडेचार मीटर. काल वादळ. तीनसुद्धा नाही.
पुढच्या पानावर आणखी. तारखा, वारा, आकडे.

आमच्या दोनशे दहाशी मी ताडून पाहिलं.
सत्तर टक्के जुळायला हवं. जुळलं पासष्ट.
प्रयोगाचे तास कुठेही लिहिलेले नाहीत.
मग मी समासातल्या तारखा मोजल्या.
तेवीस.
तेवीस वेळा ही बाई पाण्यावर गेली होती,
त्यातल्या सहा वेळा नोव्हेंबरात.
प्राध्यापक येल्मस्टॅडना तेवढंच कळवलं,
माझं मत लिहिलं नाही,
मत लिहायला अर्जात जागाच नसते.

चारऐवजी तीन दिले त्यांनी.
का तीन, विचारलं नाही मी.
चिमटीतली दोरी त्यांची.

एकूण ब्याऐंशीपैकी त्रेचाळीस.
फोनवर सांगितलं, सावकाश, यादीच्या क्रमानं.
तिकडे कुठेतरी ग्राइंडर चालू होता, मग बंद झाला.
पाण्याबद्दल ती काहीच बोलली नाही.
म्हणाली, "ते वेल्डिंगचे अठ्ठावीस. त्यांचं काय होतं?"
म्हटलं, "काही होत नाही. ते तुमच्याकडेच राहतात."
"ते होतेच की माझ्याकडे."

खाली बोटीनं भोंगा दिला, उगाच,
बर्फ होता तिथेच होता.
मला वाटलं तिनं फोन ठेवला.
मग म्हणाली, "फी भरायची खिडकी
गुरुवारी किती वाजेपर्यंत उघडी असते?
मी साडेतीनला सुटते."