इथं कोण झाडतं

रामकुंडावर गर्गे गुरुजी वहीच्या गाठी सोडतात,
लाल फडकं, चार गाठी,
आणि मला लिनची कुदळ आठवते.

चैत्र होता तेव्हा.
बाग उतरून झालेली, बेदाणा शेडवर,
मी निवडणीचं यंत्र बघायला चीनला गेलेलो.
चौदा लाखांचं, एका डोळ्याचं,
काडी कुठली, दाणा कुठला, बरोबर ओळखणारं.
कारखाना निघाला तीन दिवस बंद.
"छिंगमिंग," लिन म्हणाला
आणि गाडीत बस म्हणून खुणावलं.

त्याच्या गावात तरुण माणूस औषधाला नव्हतं.
म्हातारे, पोरं, बदकं,
दोरीवर वाळत घातलेली मोहरीची पानं,
पाणी भरून ठेवलेली खाचरं.
चुलीपुढं एक आजी हिरव्या पिठाचे गोळे वळत होती.
मी दचकलो. पिंडच की हे.
तिनं एक माझ्या तोंडात घातला.
गोड होता.

डोंगरावर, बांबूंच्या मागं, लिनचा आजा.
आधी त्यानं गवत खणून काढलं, मुळासकट,
आपण बांध साफ करतो तसं, मधेच शिवी हासडत.
मग त्याच्या पोरीनं लाल रंगाची डबी उघडली
आणि दगडावरची अक्षरं गिरवत बसली,
जीभ बाहेर काढून.
तीन पेले दारू. संत्री. उकडलेलं अख्खं कोंबडं.
कागदी नोटा जाळल्या, एक कागदी मोबाईल जाळला,
चार्जरसकट.
मग सगळे तिथंच जेवले,
दगडाला पाठ टेकून, अंडी सोलत.

मी उभाच.
आमच्यात मागं वळून बघत नाहीत.
पायावर पाणी घेतल्याशिवाय उंबरा ओलांडत नाहीत.
बापाला मी मडक्यातून इथं आणलं
आणि नदीनं त्याला घेतलं तेव्हा
माझं लक्ष पायरीवरच्या चपलांकडे होतं,
कोणी नेऊ नये म्हणून.

लिन फोनमध्ये काही बोलला.
फोन हिंदीत बोलला, बाईच्या आवाजात:
"आपके यहाँ कौन झाड़ता है?"
मी म्हणालो, नदी.
फोननं त्याचं काय केलं कोण जाणे.
लिन बराच वेळ मान हलवत राहिला,
मग दगडाकडे वळून आजाला काहीबाही सांगत बसला.
त्यात नाशिक दोनदा आलं.

"निफाड," गुरुजींचं बोट खाली सरकतं.
"शिरसगाव. मोगल. हे बघा, कोंडाजी रायभान,
शके अठराशे त्र्याहत्तर,
आईच्या अस्थी घेऊन आले होते. ही सही."
मोडीत आहे. हात न उचलता ओढलेली.
मला एक अक्षर लागत नाही.
डोंगरावर तरी कुठं लागलं होतं.
शाईचा पार चहा झालाय.

म्हटलं, गुरुजी, जरा गिरवून द्या की,
पुसट होत चाललंय.
चष्म्यावरून बघितलं त्यांनी.
"गेलेल्याच्या सहीवर हात फिरवत नाहीत.
खाली जागा आहे. तुमचं लिहा."

लिहिलं. नाव, गाव, बापाची तिथी.
पेन मधेच अडलं, तिथं कागद थोडा फाटला.
गुरुजींनी फुंकर मारली, वही मिटली,
पुढच्याला गाव विचारलं.

पायऱ्यांवर महापालिकेची एक बाई
खराट्यानं ओली फुलं, पत्रावळ्या, भिजलेलं पीठ
एका कडेला ओढत होती.
माझ्या पायाशी आली, सरका म्हणाली.
सरकलो.
नाव विचारलं तर कंबर सरळ करून म्हणते,
कशाला? तक्रार करायची का?
नाही म्हटलं.
एकाला कळवायचंय.
मागं त्याला चुकीचं सांगितलं होतं.