सडवा

नवव्या दिवशी कॅनमध्ये साय दिसली.
पातळ, पांढुरकी, एका बाजूला चुणी पडलेली.
झाकण लावलं. पुन्हा उघडलं.
मग सुचलं, हे उघडणंच चुकतंय.

सलाइनची नळी कॅनमधून निघते
आणि स्टीलच्या पेल्यातल्या पाण्यात बुडते.
पहिले चार दिवस तिथे नुसती बुडबुड,
रात्री मोरीतून कुणी पुटपुटल्यासारखी.
"तुमचं पोट्टं बोलून रायलं," रेवता म्हणायची.
आता ते गप्प आहे.

जव गोंदियाहून आणले.
"पूजेले का?" दुकानदारानं विचारलं.
मी हो म्हणालो.
गोणपाटावर मोड आणले, छपरावर वाळवले,
चिमण्यांनी आपला हप्ता नेला.
हॉप्सची पुडी नागपूरच्या भाच्यानं धाडली,
चिरायत्याची लांबची मावशी असावी इतकी कडू.
कॅन ब्लीचिंगनं तीनदा धुतला, उकळत्या पाण्यानं चारदा.
हात कोपरापर्यंत, बाळंतपणाला धुतात तसे.
ओल्या पोत्यात गुंडाळून कूलरसमोर ठेवला,
कारण चैत्र आहे, आणि सावलीतही बेचाळीस.
लसींच्या फ्रीजकडे पाहिलं एकदा.
नुसतं पाहिलं.

तरी साय.

एकवीस वर्षं आरोग्य केंद्रात काचा पाहतो.
गावाच्या बोटांमधला एकेक थेंब.
पेशीत इवलीशी अंगठी दिसली
की दाराशी जाऊन म्हणायचं, हं, निघाला.
आज सगळे गेल्यावर
माझा थेंब ठेवला काचेवर.
रजिस्टरात नोंद केली नाही.

चारशेपट.
गोल गोल पेशी, कुशीला कळी फुटलेली. हे आपलं खमीर.
पण मधेमधे काड्या.
बारीक. हलत होत्या,
की माझंच मनगट टेबलाला टेकलं होतं?
दह्यातही अशाच काड्या असतात.
दही घरचं.
या कुठल्या घरच्या?

शाळेत होतो तेव्हा तलावापलीकडच्या गावी
दोघांचे डोळे गेले दारूनं.
ते विष होतं. हे फार तर आंबेल.
मला माहीत आहे.
भीतीला केमिस्ट्री शिकवता येत नाही.
आणि शनिवारी कवडू लाइनमन यायचा आहे,
"गिलास मी आनू का?" म्हणून तीनदा विचारून गेलेला.

शेवटी फगनीबाईकडे गेलो.
अंगणभर मोहफुलं वाळत पडलेली,
पायाखाली चिकट, नाकात गोड.
साय म्हटल्यावर ती हसायलाच लागली.
"कोनाच्या मडक्यावर येत नाई जी?
काढाची न फेकाची. खालचं चाखाचं.
तोंड वाकडं झालं त डुकराले."
आणि मागून, मी फाटकापर्यंत गेल्यावर,
"डाक्टरच्या घरी बी सडवाच!"

मी डॉक्टर नाही, हे तिला कितीदा सांगितलंय.
पण शब्द बरोबर होता.
ज्याला मी रिपोर्टात दूषित लिहितो
तो तिच्याकडे सडवा, पाच दिवसांचा, सहा दिवसांचा,
आणि त्याचा तिला हिशेब आहे.

रात्री नळीनं खालचं अर्धी वाटी काढलं.
पिकलेल्या केळाचा वास. त्याच्यामागे ओली माती.
त्याच्यामागे आणखी काही तरी, नाव नसलेलं.
वाटी हातात धरून बसलो.

रेवता आयुष्यात प्यायली नाही.
तिनं वाटी घेतली, हुंगली.
"आंबील बिघडली का असा वास नाई येत."
मी थांब म्हणेपर्यंत
बोट बुडवून चाटलं होतं.
"कडू हाय," म्हणाली,
पदराला बोट पुसलं आणि झोपायला गेली.

दहा वाजून चाळीस मिनिटं. मी वेळ लिहून ठेवली.
कॅनशी पाठ टेकून बसलो,
एक कान पेल्याकडे, एक खाटेकडे.

साडेतीनच्या सुमारास पाण्यात एक बुडबुडा फुटला.
एकच.
खाटेवर घोरणं चालू होतं, नेहमीचं,
मधेच अडकणारं,
मग पुन्हा लागणारं.