नदी कुठल्या अंगाला

उद्यमनगरात, लेथच्या वरच्या माळ्यावर,
रविवारी मशीन बंद असतं तेव्हा आमचा खेळ.
एकानं जग सांगायचं, बाकीच्यांनी त्यात हिंडायचं,
अडलं की फासा.
फासा वीस बाजूंचा, पितळी,
श्रेणिकनं स्वतः घासून काढलेला;
सतराचा आकडा जरा जास्तच पडतो,
ते सगळ्यांना ठाऊक आहे, कुणी बोलत नाही.

पहिल्या वर्षी आम्ही विकतचं जग खेळलो.
सगळे तेच खेळतात. जाड पुस्तक, गुळगुळीत कागद,
साडेतीन हजार, चौघांत वाटून.
नकाशा उघडला तर पलंगभर,
आणि त्यात, शप्पथ सांगतो, बोट टेकायला जागा नव्हती.
प्रत्येक खिंडीला नाव, प्रत्येक नावाला राजा,
राजाला आजा, आज्याला एक शाप,
खानावळीतल्या मांजराचीसुद्धा वंशावळ.

शबनमनं विचारलं, "आमच्या वाट्याला काय?"
मी म्हटलं, राक्षस.
"राक्षस आम्ही कशाला मारायचा?
तो मनोऱ्यातला म्हातारा जादूगार हाय की.
डोंगर उचलतो, मेलेले उठवतो,
तो काय जेवायला गेलाय?"
खरं होतं. तो तीन कोसांवर बसलेला
आणि आम्ही गंजक्या तलवारींनी तळघरातले उंदीर मारत होतो;
खासबागेत मोठी जोड लागायच्या आधी
मातीवर पाणी शिंपडणारी पोरं, तसे.

पण जादूगारापेक्षा अवघड होता भरतेश.
त्यानं सगळं वाचलेलं.
मी म्हणायचो, गावाच्या पूर्वेला नदी.
तो खाली मान घालून, हळूच: "पश्चिमेला."
मी म्हणायचो, सरदार मेला.
"तो अजून चाळीस वर्षं जगतो."
रागानं नाही. उलटी प्रदक्षिणा घालणाऱ्याला
पुजारी सांगतो तसं.
आणि मी, ज्यानं ते गाव चालवायचं,
परक्या घरात खुर्ची न सरकवता बसलेला पाहुणा.

एका रविवारी शबनम उठली.
"मी जातो," आमच्याकडच्या पोरी बोलतात तसं,
"तुमच्या त्या जगात सगळं होऊन गेलंय.
मी शिळं खात न्हाई."

मग पुस्तक मिटलं.
श्रेणिकच्या वडिलांच्या रद्द झालेल्या ऑर्डरचं ड्रॉइंग होतं,
त्याच्या पाठीवर,
पंपाच्या निळ्या रेघा आरपार दिसत असताना,
एक विहीर काढली. फक्त विहीर.
"कुणी खणली?"
माहीत नाही.
"आत काय?"
तू सांग.
त्या रात्री नऊपर्यंत कुणी चहाला उठलं नाही.

भरतेश मात्र यायचा थांबला.
महिन्यानं गंगावेशीत दिसला, दुधाचा पेला हातात,
मिशीवर फेस. मी विचारलं.
म्हणाला, "वडील सीपीआरला होते तेव्हा
सहा आठवडे जिन्यात बसून वाचलंय मी ते.
डॉक्टर रोज वेगळं सांगायचे.
तिथली नदी कुठल्या अंगाला,
तेवढंच तेव्हा पक्कं असायचं."
मला बोलता आलं नाही.
पैसे त्यानंच दिले, माझ्या पेल्याचेसुद्धा.

दोन वर्षं झाली त्याला.
ड्रॉइंगला चिकटपट्टीनं आता आठ कागद जोडलेत.
परवा श्रेणिकचा मामेभाऊ आला, अकरावीतला, इचलकरंजीचा.
पेन्सिल उचलून म्हणाला, "इथं एक घाट काढू?"
आणि माझ्या, माझ्याच तोंडून:
"तिथं नको. तिथं बहिऱ्या विणकराचं गाव आहे,
म्हणजे होतं, पुरात गेलं,
पण त्याचा माग अजून वाजतो, आणि अमावास्येला..."

शबनम माझ्याकडं बघायला लागली.
भरतेशही. हो, येतो तो आता,
उशिरा, दाराजवळ बसतो.

खाली गल्लीत कुणीतरी गाडीला किक मारत होतं, लागत नव्हती.
पोरगं पेन्सिल हवेत धरून थांबलेलं.
भरतेशनं खिशातनं खोडरबर काढलं
आणि न बोलता
माझ्याकडं सरकवलं.