वळण

याक्विनाच्या पुलाखालून बोट निघते
तेव्हा धुकं इतकं, की वेंडेल
सुकाणूवर हात ठेवून नुसता ऐकत राहतो.
निम्मं आयुष्य खेकड्यांचे पिंजरे उचलण्यात गेलं त्याचं.
आता आम्हाला नेतो, तासाच्या दराने,
कॉफी ज्याची त्याने आणायची.

आधी श्वास ऐकू येतो. मग वास:
नासलेला कोबी, आणि त्याखाली कुठेतरी लोखंड.
करड्या देवमाशाच्या पाठीवर पर नसतो,
शेपटीकडे नुसते उंचवटे, एकामागे एक,
आवळलेल्या मुठीची पेरं दिसावीत तसे.

मी क्रॉसबो उचलते.
आईला फोनवर सांगून बसले होते एकदा.
“बाण मारतेस? त्या जिवाला?”
“डास चावल्याइतकंच गं.”
“हे तुला डास म्हणाला, की मासा?”

बाण लागतो, उसळतो, तरंगत राहतो.
टोकाच्या पोकळीत साबुदाण्याएवढी कातडी.
उणे ऐंशीच्या फ्रीझरात तिचं नाव एकशे बारा.
वेंडेल तिला मेव्हिस म्हणायचा.

चारच मुळाक्षरं. त्यांतली एक ओळ
फक्त आईकडून येते,
बापाचं तिथे काही चालत नाही.
गोत्र विचारलंच कुणी
तर देवमासा आईचं सांगेल.

वाद असा आहे:
मेक्सिकोच्या उथळ खाड्यांतून निघून हजारो
सरळ वर जातात, अलास्का ओलांडून, बर्फाच्या कडेपर्यंत.
दोन-अडीचशे वाटेतच थांबतात,
इथे, न्यूपोर्टच्या आसपास, केल्पच्या रानात,
गढूळ पाण्यातून डोळ्यांना दिसेल न दिसेल असं काही
गाळून खात.
हे वेगळे मानायचे का?
हिवाळ्यात सगळ्यांची सोयरीक त्याच खाड्यांत.
आईच्या ओळीत मात्र फरक पडतो,
दशांशचिन्हाच्या पलीकडे, दोन घरं सोडून.
वेगळे ठरले तर आकडा वेगळा, कायदा वेगळा.
समितीत नऊ माणसं, टर्कीची सँडविचेस.
मी म्हणाले, अजून सांगता येत नाही.
ते इतिवृत्तात नीट उतरवून घेतलं गेलं.

मेव्हिस मार्चमध्ये वाळूवर आली.
कातडीखाली बरगड्या मोजता येत होत्या.
मागच्या उन्हाळ्यातच तिने पिल्लाचं दूध तोडलेलं,
ते कुठल्या पाण्यात, कुणाला ठाऊक.
मी पट्टी धरली, कुणीतरी लांबी लिहून घेतली.
वेंडेल गाडीतून उतरलाच नाही.

खाण तशी माती, म्हणतात आमच्याकडे.
मी दोन्ही मोजते, पगार त्याचाच मिळतो.
पण त्या अख्ख्या ओळीत मला कुठेही सापडलेलं नाही
की ऑटर रॉकच्या अलीकडे
किनाऱ्याकडे वळ.
त्याला एक उन्हाळा
आईच्या कुशीला लागून पोहावं लागतं.

आज जुलैची नऊ तारीख.
धुकं वर गेलं आणि एक लहान पाठ,
एकटी, खोल समुद्राच्या बाजूने येणारी,
ऑटर रॉकच्या अलीकडे
उजवीकडे वळली.
वेंडेलने इंजिन बंद केलं.
“तिचंच,” म्हणाला. मग बराच वेळ काही नाही.
मी म्हटलं, नमुना घेतल्याशिवाय नाही सांगता येणार.
आणि बाण चुकला, चांगला तीन हात लांब.
तो हसला. मीही.

घरी आले तेव्हा जाकीट अजून ओलं होतं.
शाल्मलीने भात लावायला घेतलेला,
कानात हेडफोन, एक पाय दुसऱ्या पायावर.
तांदळावर मधलं बोट टेकवून
पहिल्या पेरापर्यंत पाणी,
थांबली, एक थेंब जास्त, पुरे.
कपाटात मोजायचा कप आहे, मीच आणलेला.

“हे कुणी शिकवलं तुला?”

तिने एक कान मोकळा केला.
“व्हॉट?” म्हणाली,
आणि बोट पँटला पुसलं.