कुणीनाही

सेरो बारोनच्या चढावर, जिन्याच्या पोटात
डॉक्टर ओयार्सूनचा दवाखाना.
दोन बाकं, एक वजनकाटा,
आणि सहा वर्षांपूर्वीचं कॅलेंडर,
त्यातला बोका देखणा म्हणून अजून भिंतीवर.

नोंदवही माझ्याकडे असते. हाकाही मीच मारते.
डॉक्टरांचा नियम: मालकाचं नाही, पेशंटचं नाव पुकारायचं.
म्हणून मी, एल्सिरा, त्रेपन्न वर्षांची, गुडघेदुखीची बाई,
सकाळी नऊला उभी राहते
आणि चेहरा सरळ ठेवून ओरडते,
"मूल्यवर्धित कर!"
हिशेबनीस निबाल्दो टोपली घेऊन उठतो.
"माझ्या ताटातलं एकोणीस टक्के नेतो," तो सांगतो,
"आणि पुढे त्याचं काय होतं, कुणाला विचारायची सोय नाही."

उसनीही येते, पंजा दुखावला की.
शेजारीण दोन आठवड्यांसाठी अन्तोफागास्ताला गेली,
तेव्हा ठेवून घेतलेली. नऊ वर्षं झाली.
ओर्तेन्सियाबाई पावती अजून शेजारणीच्याच नावाने मागतात.
येईल ना ती. हिशेब चोख हवा.

एकाचं नाव मी मोठ्याने घेत नाही.
कपाट हलत होतं तेव्हा जन्मला,
आणि जन्मला तोही कपाटातच.
रात्री अकराला त्याची मालकीण खिडकीतून
"भूकंप! भूकंप! ये रे, ये लवकर!"
तर अख्खी गल्ली जिन्यावर,
एक निवृत्त न्यायाधीश नुसत्या टॉवेलवर,
हातात पोपटाचा पिंजरा.
'ये रे'कडे कुणाचं लक्षच गेलं नाही.
तेव्हापासून त्याची पाळी मी बाईंच्या कानात सांगते.

आणि सात वर्षांचा सेलेदोनियो.
त्याला कुत्रा कबूल केला होता.
वडिलांनी जे आणलं ते म्याव म्हणालं.
पोरगा रडला नाही. नाव ठेवलं, झालं.
वहीत माझ्याच अक्षरात आहे:
प्राणी, मांजर. नाव, कुत्रा. तक्रार, भुंकत नाही.
शेवटचं त्याने मला सांगून लिहून घेतलं.

डॉन एलेउतेरियो मान्सिया बंदरात क्रेन चालवायचे.
"बायको गेली, तेव्हापासून मुलीचा रोज फोन,
पुंता अरेनासहून. बाबा, घरी कोण आहे सोबत?
मी म्हणतो, कुणी नाही.
चार वर्षं तेच उत्तर. मग हा आला, खिडकीतून, न विचारता.
आता या वयात उत्तर कुठे बदलत बसू?"

असा तो रुंद पाठीचा, राखाडी कुणीनाही.
"कुणीनाही फार खातो हल्ली."
"काल कुणीनाही माझ्या उशीवर झोपला."
व्याकरण बिघडवून म्हातारा खूश.
मी हाक मारली की बाकावरचे सगळे दाराकडे बघायचे,
आणि ते, गालात जीभ घोळवत, सावकाश उठायचे.

गेल्या जुलैत तीच टोपली
एका वेगळ्याच बाईच्या हातात. जाड कोट, लाल नाक.
"शेवटच्या रात्री जवळ कोण होतं, सगळ्यांना विचारलं मी.
अख्खा जिना एकच सांगत होता.
दोन दिवस मी त्या शब्दावर रडले.
तिसऱ्या दिवशी त्या शब्दाने
माझ्या पोटरीला डोकं घासलं."

मला काय बोलावं सुचेना. मालकाचा रकाना खोडला,
तिचं नाव घातलं. विचारलं,
मांजराचं नाव बदलायचंय का?
ती बराच वेळ वहीकडे बघत राहिली.
मग म्हणाली, आधी वजन करा.

काटा थोडा थरथरला, थांबला.
मी लिहिलं.
कुणीनाही: पाच किलो नऊशे.

मग गुडघ्यावर हात ठेवून उभी राहिले
आणि कुत्र्याला आत बोलावलं.