कूलर झाकायची संध्याकाळ

नागपुरात शरद कॅलेंडर बघून येत नाही.
कूलरची टाकी उपसली,
खसच्या ताट्या गच्चीवर वाळत पडल्या,
पंप पिशवीत बांधून माळ्यावर गेला
की समजायचं, आला.

आमची बियर मार्चातली.
प्रशील गजघाटे हे खूळ बाहेरून शिकून आलेला:
थंडी सरता सरता घालायची,
उन्हाळाभर गारव्यात झोपवायची,
ऊन पिवळं पडलं की उठवायची.
"तिकडे डोंगरात गुहा असतात," म्हणाला.
मी म्हटलं, "आपल्याकडे कळमना हाय ना बे."

शीतगृहाचा मेकॅनिक मी, बावीस वर्षं झाली.
कंप्रेसर खोकला तर पारडीत जाग येते मला.
तीन नंबरच्या खोलीत भिवापुरी मिरचीच्या पोत्यांमागे
चोवीस बाटल्या लावल्या आडोशाला,
वर पुठ्ठा: अमोनिया. हात लावू नये.

किल्ली इंद्रपाल मेश्रामकडे.
तो पीत नाही. पाचवं शील त्याचं
शर्टाच्या वरच्या बटणासारखं,
कधी उघडं दिसलं नाही.
तरी मे महिन्यात, बाहेर सत्तेचाळीस,
डांबर चपला ओढून घेतंय,
तो रोज एकदा आत जाऊन यायचा
आणि रजिस्टरात मिरचीच्या आकड्याखाली
पेन्सिलीने लिहायचा:
चोवीस. झोपलेल्या.

जूनमध्ये एका रात्री लाइट गेली ती गेलीच.
जनरेटरने मान टाकली, मी त्याच्या पोटात हात घालून बसलो.
पहाटे वर पाहतो तर मेश्राम
सायकलवर बर्फाची लादी, लादीवर भुसा,
आणि खांद्यावर घरचं ब्लँकेट.
"पोरायले थंडी लागन," म्हटलं मी.
हसला नाही.

मग कधी उघडायची, यावर महिनाभर वाद.
मारबतीच्या दिवशी प्रशीलला घाई झाली,
पण तेव्हा उकाडा बगलेत बसलेला असतो,
अशा दिवशी माणूस बियर नाही, फक्त थंड पितो.
दोन ऑक्टोबर विचारूच नका.
दसऱ्याला मेश्राम दीक्षाभूमीच्या वाटेवर पाणी वाटतो,
आम्हीही त्याच्या टाकीपाशी उभे,
त्या दिवशी ग्लास फक्त पाण्याचे.
कोजागिरी दुधाची.
दिवाळीत आवाज फार, चव ऐकू येत नाही.

उरला एक मंगळवार.
कशाचाच नाही. पंचांगातही रिकामा.

दुपारी कूलर झाकला.
ताडपत्रीला गाठ मारता मारता ऊन कलंडलं,
नाक्यावरची सातवीण एकदम अंगावर आली,
तिच्या वासाने माझं नेहमी डोकं धरतं,
त्या दिवशी धरलं नाही.
तलावाकडची बाई उकडलेले शिंगाडे विकत होती,
काळे, शिंगवाले, कोमट. शेरभर घेतले.

गच्चीवर तिघे.
बाटलीच्या गळ्याला मिरचीची धूळ,
प्रशीलला तीन शिंका, मग झाकण.
रंग कोऱ्या चहाचा. फेस बोटभर,
बसायला तयार नाही, पाहुण्यासारखा उभाच.
प्रशील सांगू लागला: भाजलेलं जव,
पावाच्या कडेसारखी चव, शेवटी जराशी कडू.
मी म्हटलं, चांगली हाय.
खरं तर मला जनरेटरच आठवत होता.

मेश्रामने माझा ग्लास उचलला,
बल्बसमोर धरला, नाकाशी नेला,
आणि थांबला इतका की
शेजारच्या घरात कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या.
"मे महिन्याचा वास येते," म्हणाला.
"पण सावलीत बसलेल्या मे महिन्याचा."
ग्लास परत दिला, ओठ कोरडे,
आणि शिंगाडा दाताने फोडला.

प्रशील गप्प. परदेशात त्याला
ह्या चवीचे अकरा शब्द शिकवले होते,
हा त्यात नव्हता.

खाली कोणाचा तरी कूलर अजून घरघरत होता.
"ह्याचा बेल्ट गेला," मी म्हटलं, सवयीने.

सकाळी रजिस्टर उघडलं.
मिरची, पोती तीनशे बारा.
खाली पेन्सिलीने:
चार उठल्या. वीस झोपलेल्या.
घाई नाही.